फुटाण्यांचा विश्वचषक

ही हकीकत दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षी श्रावण दोन आले होते, एक अधिकाचा आणि एक खरा. पावसानं ओढ दिलेली, शेतात सोयाबीन माना टाकून उभं. पण जालन्यात मस्तगड भागातल्या शैलाताईंच्या घरी मात्र तुपाचा घमघमाट, कारण अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, ताम्हनात तेहेतीस अनारसे मांडून त्याच्या हाती द्यायचे आणि तो जे काही बोलेल त्याला मान डोलवायची. हे शेवटचं कलम कुठल्या पोथीत नाही, पण तेच सगळ्यात कडक पाळलं जातं. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

जावई सुमितराव बियाण्यांच्या एका कंपनीत होते. परदेशातून आलेल्या पाहुण्यांना शेतं दाखवत हिंडवायचं, हे त्यांचं काम. स्वभाव इतका गोड की करपलेल्या भाजीलाही "वेगळाच स्वाद आहे, आई" म्हणायचे. शैलाताईंच्या लेकीनं, गंधालीनं, साखरपुड्यालाच आईला बजावून ठेवलं होतं, "सुमितनं कौतुक केलं की निम्मं धरायचं." शैलाताई निम्मं धरत. त्यांचे यजमान भालचंद्रराव पूर्ण धरत आणि वर पदरचं थोडं घालत.

भालचंद्रराव कालव्याच्या कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. जेवण झालं की बैठकीतल्या आरामखुर्चीत मान मागे टाकून तोंड उघडायचं, शैलाताईंनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून फुटाणा भिरकवायचा आणि त्यांनी तो अलगद तोंडात झेलायचा, हा त्या घरचा खेळ. लग्न नवं होतं, घरात सासू-सासरे होते, आणि नवरा-बायकोनं दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायची सोय नव्हती, तेव्हापासूनचा. तेव्हा फुटाणाच बोलायचा. पुढे सासू-सासरे गेले, मुलं मोठी झाली, बोलायची मोकळीक झाली आणि बोलायचं बरंचसं संपलं. पण फुटाणा चालू राहिला.

या खेळात एक गोष्ट शैलाताईंना फार जुनी बोचत होती. फुटाणा तोंडात पडला की घरात जो असेल तो भालचंद्ररावांकडे बघून "वा!" म्हणायचा. उंबऱ्याकडे कुणी मान वळवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पंखा चालू असला तर किती आत टाकायचा, त्यांना सर्दी असली की तोंड किती कमी उघडतं, दाढ काढली त्या वर्षी कुठल्या बाजूनं घालायचा, हे सगळं त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं. एकदा त्यांनी धीर करून म्हटलंही होतं, "अहो, फेकण्यातसुद्धा काही असतं बरं का." भालचंद्रराव हसून म्हणाले, "अगं, फेकायला काय लागतं? खाली येणं फुटाण्याचा स्वभावच आहे." त्यावर त्या भांडी घासायला निघून गेल्या होत्या. त्या दिवशीच्या एका पातेल्याला अजून पोचा आहे.

तर धोंड्याच्या जेवणानंतर सुमितरावांनी हा खेळ पहिल्यांदा पाहिला. अनारशांच्या हिशेबानं तेहेतीस फुटाणे मोजून घेतले होते. भालचंद्ररावांनी तेहेतीसही झेलले. सुमितराव टाळ्या वाजवत म्हणाले, "बाबा, हे तर इंटरनॅशनल लेव्हलचं आहे!"

गंधालीनं आईकडे पाहिलं. निम्मं. पण तोवर भालचंद्रराव खुर्चीतून उठून बसले होते आणि दारात शेजारचे बद्रीनाथ उभे होते.

बद्रीनाथ मूळचे हसनाबादचे. तिकडे शेती, इकडे घर, आणि दोन्हीकडून उरलेला वेळ लोकांना सल्ला द्यायला. ते म्हणाले, "भाऊ, जावई बराबर बोलून राह्यले. घ्याच आता इंटरनॅशनल स्पर्धा. बाकीचं माझ्यावर सोडा."

बद्रीनाथांवर बाकीचं सोडलं की पुढे काय होतं, हे गल्लीतल्या मांजरांनासुद्धा माहीत होतं. पण जावयाचा शब्द पडलेला. सुमितराव "अहो, मी सहज..." म्हणत होते, तेवढ्यात भालचंद्रराव गहिवरून म्हणाले, "सुमितराव, तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी समिती झाली. अध्यक्ष भालचंद्रराव, सचिव बद्रीनाथ, आणि फुटाणे ज्यांच्या दुकानातून यायचे ते राधेश्यामशेठ तांत्रिक सल्लागार. राधेश्यामशेठ नमुन्याच्या पुड्या घेऊनच आले. "भाभीजी, हळदीवाला बिलकुल नको. कॅमेऱ्यात दिसत न्हाई. खारा घ्या. वजन एकसारखं, टरफल टाइट. झेलला तर बी आवाज येतो, पडला तर बी येतो." शैलाताईंनी दोन फुटाणे हातावर उडवून पाहिले आणि खाऱ्यांवर बोट ठेवलं. समितीनं त्यांच्या चहाबद्दल आभाराचा ठराव केला.

चौथ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. वर "आंतरराष्ट्रीय फुटाणा झेल स्पर्धा", खाली भालचंद्ररावांचा मान मागे टाकलेला, तोंड पूर्ण उघडलेला फोटो. फोटो एवढा मोठा आणि स्वच्छ आला होता की संध्याकाळपर्यंत तीन माणसं गाल धरून घरी आली आणि डॉक्टर किती वाजता बसतात म्हणून विचारू लागली. त्यांतल्या एका म्हातारबुवांची दाढ भालचंद्ररावांनी भिडेखातर टॉर्च लावून पाहिलीसुद्धा.

बद्रीनाथांच्या आई, झुंबरबाई, ऐंशीच्या पुढच्या, तोंडात एक दात नाही पण जिभेला धार. त्या फ्लेक्सकडे बघत म्हणाल्या, "शैले, तुझा नवरा काहून बोंबलून राह्यला गं चौकात?"

"खेळ आहे मावशी."

"मंग तू कुठी हाईस त्यात?"

शैलाताईंनी फ्लेक्सकडे नीट पाहिलं. फोटो गंधालीनं काढला होता तेव्हा फुटाणा हवेत होता आणि कोपऱ्यात त्यांचा हातही होता. छापणाऱ्यानं हात कापून तिथे राधेश्यामशेठांच्या दुकानाचं नाव घातलं होतं. त्या दिवसापासून त्यांच्या मनानं घेतलं, की एकदा, फक्त एकदा, चार लोकांत कुणीतरी म्हणावं, काय हात आहे! मग फ्लेक्स राहो की जावो.

आता परवानगी. भालचंद्रराव इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेले. कुठली कचेरी ते सोडा, खिडकीतल्या साहेबांनी अर्ज वाचला, उलटा करून पुन्हा वाचला आणि विचारलं, "हा खेळ हाय का खाणं?"

"झेलला तर खाणं, पडला तर खेळ," भालचंद्रराव रुबाबात म्हणाले.

"मंग दोन अर्ज करा. पडलेल्याचा हितं, झेललेल्याचा मागच्या इमारतीत."

मागच्या इमारतीतल्या साहेबांनी विचारलं, फुटाणा शिजवलेला की भाजलेला? भाजलेला असेल तर घशात अडकण्याची जबाबदारी कोणाची? आणि शेवटी म्हणाले, "उद्या या." भालचंद्ररावांनी उभी हयात लोकांना "उद्या या" म्हटलेलं. हा उद्या बाहेरून कसा दिसतो, ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. घरी येऊन ते आरामखुर्चीत टेकले. "शैला," ते म्हणाले, "मी फार लोकांना छळलंय गं." शैलाताईंना बरं वाटलं. पण सकाळी ते विसरले.

तिढा सोडवला बद्रीनाथांनी. "भाऊ, अर्जावर सांस्कृतिक लिव्हा. सांस्कृतिक म्हणलं की कोणी काही इचारत न्हाई." आणि खरंच, परवानगी उभ्या उभ्या मिळाली. फक्त साहेबांनी बजावलं, की सांस्कृतिक आहे तर संस्कृती दिसली पाहिजे: दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि पाहुण्यांना फेटे. ही फेट्यांची गोष्ट त्या वेळी कुणाला महत्त्वाची वाटली नाही.

जागेचा प्रश्न मात्र अधिक महिन्यानंच सोडवला. या महिन्यात लग्नं नसतात, त्यामुळे मंगल कार्यालयं नुसती धूळ खात पडलेली. एका मालकानं आनंदानं कार्यालय दिलं, वर नवरा-नवरीच्या सिंहासनासारख्या दोन लाल खुर्च्याही दिल्या.

सगळं झालं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आंतरराष्ट्रीय म्हटल्यावर एखादं राष्ट्र लागेल. "माझा भाचा हाय इंदूरला," बद्रीनाथ म्हणाले.

"अहो, इंदूर परदेश नाही!" भालचंद्रराव म्हणाले.

"राज्य तर दुसरं हाय का न्हाई? सुरुवात म्हणून धरा."

भालचंद्ररावांनी जावयाला फोन लावला. सुमितरावांना तोवर आपल्या गोड स्वभावाचा पुरता पश्चात्ताप झालेला. पण सासऱ्याचा आवाज ऐकून ते विरघळले. त्यांच्या कंपनीत केनियाहून वांजिकू नावाच्या बाई बियाणं बघायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, धिप्पाड, आणि हसल्या की शेजारच्यालाही हसू यावं अशा. सुमितरावांनी भीत भीत विचारलं. बाई म्हणाल्या, आमच्याकडे लहानपणी भुईमुगाच्या दाण्यांवर आम्ही हेच करायचो, चला!

पाहुणी आली म्हणजे घरी जेवण आलंच. वांजिकूबाईंनी शैलाताईंना पाहताच "मामा!" म्हणून मिठी मारली. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मामा म्हणतात, हे सुमितरावांनी समजावेपर्यंत झुंबरबाई पदराआड हसून हसून लाल झाल्या होत्या. पुरणाची पोळी, कटाची आमटी, सगळं झालं आणि मग नियमांची बैठक बसली. इथे खरा घोळ झाला.

राधेश्यामशेठांनी विचारलं, "मेहमानसाठी फेकणार कोण?"

भालचंद्रराव छाती काढून म्हणाले, "पाहुणीवर अन्याय नको. आपली शैला त्यांना फेकेल. मला काय, बद्रीनाथ फेकतील. माझा खेळ तोंडाचा आहे. फेकणारा कुणीही चालतो."

बैठकीत वाहवा झाली. असा उमदा अध्यक्ष झाला नाही, वगैरे. शैलाताई हातातला पानाचा डबा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. गंधाली मागून कुजबुजली, "आई, सांग ना बाबांना."

"मी काहून सांगू?" त्या म्हणाल्या. संतापल्या की त्यांचं माहेर, कुंभार पिंपळगाव, त्यांच्या बोलण्यात उतरायचं. पण रात्रभर कूस बदलून सकाळी त्यांनी सांगितलंच. "अहो, बद्रीनाथ भावजी फेकतात कसं ते पाहिलंय का? म्हशीला ढेकूळ मारल्यासारखं."

"तू काळजी करू नको," भालचंद्रराव दाढी करता करता म्हणाले. "मला फक्त वर बघावं लागतं."

मग मात्र शैलाताई कात्रीत सापडल्या. हाताची अब्रू राखून नीट फेकावं तर चारशे लोकांत, जावयासमोर, घरच्या माणसाची शोभा होणार. वाकडं फेकावं तर ज्या एका गोष्टीचं कौतुक त्यांना हवं होतं, तीच स्वतःच्या हातानं बुडवायची. आणि पाहुणीला फसवायचं ते वेगळंच. देवापुढे बसून त्यांनी शेवटी वाकडंच फेकायचं ठरवलं. नवरा तो नवरा. कौतुकावाचून इतकी वर्षं गेली, उरलेलीही जातील.

स्पर्धेच्या दिवशी कार्यालय माणसांनी फुललं. दाराशी कुठल्या तरी जुन्या लग्नाचा "शुभविवाह" हा थर्माकोलचा फलक तसाच होता, त्यामुळे दोन माणसं आहेर घेऊन आली. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, मग फेटे. फेटे बांधणारा आणला होता खास, पण माणसं जास्त झाल्यावर त्यानं घाई केली. वांजिकूबाईंचा त्यानं पहिल्यांदा, मन लावून, कान झाकून घट्ट बांधला. अध्यक्षांची पाळी शेवटी आली, तेव्हा त्यांच्या डोक्यावर नुसता गुंडाळला.

आता फुटाणा झेलायचा म्हणजे मान मागे टाकावी लागते, आणि मान मागे टाकली की सैल फेटा पुढे येतो, ही साधी गोष्ट एवढ्या शहाण्या समितीला सुचली नव्हती. काढून ठेवावा तर भर मंचावर फेटा उतरवणं म्हणजे सत्कार करणाऱ्याचा अपमान. पहिल्या फेरीत गावातले आठ-दहा हौशी याच कारणानं बाद झाले. एकाच्या नाकापर्यंत फेटा आला आणि त्यानं फुटाण्याऐवजी जरीचं टोक चावलं.

अंतिम सामना. अध्यक्ष आणि पाहुणी म्हणून या दोघांना समितीनं थेट इथेच उतरवलं होतं. दोन लाल खुर्च्यांवर दोन खेळाडू, नवरा-नवरीसारखे. दोघांसाठी तेहेतीस तेहेतीस फुटाणे. बद्रीनाथांनी बाह्या सरसावल्या आणि पहिला फुटाणा मारला. मारला हाच शब्द. तो भालचंद्ररावांच्या कपाळावर खाडकन बसला. दुसरा कानात गेला, तिसरा फोटोग्राफरला लागला. भालचंद्ररावांनी मान आणखी मागे टाकली, तर फेटा घसरून थेट ओठांपर्यंत आला. आता ते काही न दिसता, आवाजाच्या रोखानं तोंड इकडे तिकडे फिरवू लागले.

"बद्र्या, हळू!" झुंबरबाई ओरडल्या. "त्यो माणूस हाय, बोरीचं झाड न्हाई!"

"आई, तू गप बस. मी नेम धरून राह्यलो!"

इकडे शैलाताईंनी देवाचं नाव घेतलं, वाकडा फेकायचा म्हणून मनगट वळवलं आणि फुटाणा सोडला. तो वर गेला, पंख्याच्या वाऱ्याला जरासा वाकला आणि वांजिकूबाईंच्या तोंडात अलगद पडला. शैलाताई हाताकडे बघत राहिल्या. दुसरा त्यांनी डोळे मिटून टाकला. तोही आत. तिसरा मुद्दाम लांब टाकला, पण लांब म्हणजे नेमकं किती हे मनगटानं परस्पर ठरवलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो हात वाकडं फेकायला शिकलाच नव्हता. आणि आता, चारशे लोकांसमोर, शिकायला तयारही नव्हता. दहाव्या फुटाण्याला त्यांनी नाद सोडला. पाहुणीचं तोंड उघडताना किंचित डावीकडे जातं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्या किंचित डावीकडे टाकू लागल्या.

सभागृहात कुणीतरी मोजायला लागलं, मग सगळेच. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. वांजिकूबाईंनी शेवटचा झेलला, उठल्या आणि टाळ्या थांबवून त्यांनी दोन्ही हात शैलाताईंच्या दिशेनं केले. मी नुसती बसले होते, असं त्या इंग्रजीत म्हणाल्या. ते मराठीत सांगायची गरज पडली नाही, कारण त्याच वेळी झुंबरबाई उभ्या राहून गरजल्या, "अगं बया, हात हाय का गोफण!"

सगळं सभागृह उंबऱ्याकडे, म्हणजे आता मंचाच्या कोपऱ्याकडे, वळलं. शैलाताईंना हवं होतं ते सगळं मिळालं, आणि नेमक्या त्या क्षणी त्यांना लाल खुर्चीत, फेट्याखाली, तोंड मिटून बसलेला आपला नवरा दिसला. त्याच्या खात्यावर चार फुटाणे होते, आणि त्यांतला एक उसळून आलेला. कुणीतरी मागच्या रांगेत हसलं.

मग फेट्याखालून आवाज आला. "शैला."

"काय हो?"

"एक मला टाक."

"भाऊ, नियम!" बद्रीनाथ म्हणाले.

"नियम खड्ड्यात घाला, बद्रीनाथ." कचेरीत उभा जन्म गेलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य ऐकून राधेश्यामशेठांच्या हातातली पुडी सुटली.

भालचंद्ररावांनी फेटा वर सारला नाही. उलट दोन्ही हातांनी खाली ओढून डोळे पुरते झाकून घेतले, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. शैलाताई मंचाच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या, मध्ये समई, माइक आणि फोटोग्राफर. त्यांनी जमिनीवरचा एक फुटाणा उचलला, पदराला पुसला आणि भिरकावला.

टक्.

भालचंद्रराव तसेच, आंधळेपणानं चाचपडत, माइकपर्यंत आले. "मंडळी," फुटाणा चावत ते म्हणाले, "मला आत्ता काहीही दिसत नाहीये." एवढंच. पण ज्याला समजायचं त्याला समजलं, आणि सगळ्यांनाच समजलं असावं, कारण कार्यालयाचे पत्रे हलतील एवढा गलका झाला. शैलाताई मात्र पदर डोळ्यांना लावून, फोटोग्राफरच्या मागे उभ्या राहिल्या.

तो फुटाणा हिशेबात धरला नाही. केनिया जिंकलं. बक्षीस म्हणून तांब्याच्या ताम्हनात तेहेतीस अनारसे दिले, आणि ते घेताना वांजिकूबाईंना सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. झुंबरबाई म्हणाल्या, "झाली आपली जावई."

त्याला आता काही वर्षं होत आली. वांजिकूबाई परत गेल्या. तिकडे त्यांच्या कंपनीत दरवर्षी भुईमुगाच्या दाण्यांवर सामने होतात. जोडीजोडीनं खेळतात, आणि फलकावर फेकणाऱ्याचं नाव आधी लिहितात. पहिल्या वर्षीची त्यांची चित्रफीत आली तेव्हा सगळी गल्ली शैलाताईंच्या मोबाइलवर वाकली होती. सुमितरावांना कंपनीनं बढती देऊन पुण्याला नेलं. ते आता कौतुक करताना आधी गंधालीकडे बघतात. राधेश्यामशेठांनी 'इंटरनॅशनल फुटाणे' म्हणून पाकिटं काढली; आत फुटाणे कमी आहेत, पण पाकीट देखणं आहे. बद्रीनाथांनी फ्लेक्स हसनाबादला नेला आणि सोयाबीनच्या ढिगावर अंथरला. पाऊस आला की भालचंद्ररावांच्या तोंडात पाणी साठतं आणि चिमण्या येऊन पितात. बद्रीनाथ स्वतः आता कुठेही काहीही फेकत नाहीत, सल्ला सोडून. झुंबरबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, पिकल्या पानासारख्या, हसत. शेवटच्या आजारात त्यांनी शैलाताईंना उशाशी बसवून ज्वारीच्या लाह्या टाकायला लावल्या होत्या. दात नव्हते, पण झेलल्या.

आणि भालचंद्रराव? ते फेकायला शिकतायत. रोज जेवण झालं की शैलाताई आरामखुर्चीत मान मागे टाकून बसतात आणि ते उंबऱ्यात उभे राहून फुटाणा टाकतात. अजून एकही तोंडात पडलेला नाही. कपाटाखाली फुटाणे, घड्याळामागे फुटाणे. मोलकरीण रोज केर काढताना घरमालकाचा उद्धार करते. परवा एक शैलाताईंच्या चष्म्यावर येऊन आपटला.

"लागलं का गं?" ते घाबरून म्हणाले.

"नाही," चष्मा पुसून त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. "आज बराच जवळ आला. टाका पुढचा."